मामांचा पाय

चालत्या बसमध्ये भुवई काढता येते, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. पण मामा नाटक कंपनीची बस चालवत होते तेव्हा ती सर्रास काढली जायची. प्रयोगाला उशीर होतोय असं दिसलं की रंगभूषाकार आपली पेटी मांडीवर घ्यायचा, समोर राजाला बसवायचा आणि बारीक कुंचल्याने भुवईची कमान अशी ओढायचा की बघत राहावं. मामा रजेवर असले आणि बदली ड्रायव्हर आला, की त्याच राजाची मिशी थेट कानाला जाऊन भिडायची आणि राणीच्या गालावरचा तीळ हनुवटीवर उतरायचा. मग प्रयोगाआधी अर्धा तास नुसता पुसापुशीत जायचा.

सगळी करामत उजव्या पायाची. झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण सारावं तसे मामा ॲक्सिलरेटर दाबायचे. बस सुटली हे आतल्यांना खिडकीबाहेरचं झाड मागे जायला लागल्यावर कळायचं. थांबतानाही तेच. बस थांबायची नाही, विसावायची.

पुढे कंपनी बंद पडली. पडदे गेले, झुंबरं गेली, सिंहासन एका फोटोवाल्याने नेलं आणि शेवटी बसही गेली. नट मंडळी वाट फुटेल तिकडे पांगली. मामांजवळ निघताना दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे कंपनीची पितळी घंटा, जी पडदा उघडण्याआधी तीनदा वाजायची. ती कोणी मागितली नाही म्हणून त्यांनी ठेवून घेतली. आणि दुसरा तो पाय.

पाय घेऊन ते मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तिथल्या धुराच्या प्रयोगशाळेत ड्रायव्हर हवा होता. मोठे साहेब घाईत होते. कागदांचा गठ्ठा घेऊन ते मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, कारखान्याभोवती एक चक्कर मारून दाखवा. मामा निघाले. साहेब सह्या करत राहिले. शेवटचा कागद संपला तसं त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाले, "हं, चला, निघू या आता."

"साहेब," मामा म्हणाले, "आपण परत आलोय."

नोकरी तिथेच लागली.

आता ही प्रयोगशाळा म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिथे गाडी जन्मात कुठे जात नाही. जमिनीत बसवलेल्या मोठ्या लोखंडी रोलरवर तिची चाकं फिरतात आणि गाडी आहे तिथेच राहते. ड्रायव्हरच्या समोर एक पडदा असतो, त्यावर एक रेघ सरकत येते. कुठे चढ, कुठे उतार, कुठे सपाट. गाडीचा वेग म्हणजे एक ठिपका. तो ठिपका त्या रेघेवरून हलू द्यायचा नाही, एवढंच काम. गाडीच्या मागे जाडजूड नळी लावलेली असते. निघालेला सगळा धूर ती ओढून पिशव्यांत भरते आणि मग यंत्रं त्या धुराचा हिशेब मांडतात. पायाने जरा धसमुसळेपणा केला की पेट्रोल भसकन जातं आणि धूर वाढतो. मामांचा ठिपका खडूच्या खुणेवरून शिंप्याची कात्री जावी तसा जायचा. टाळ्या मात्र नव्हत्या. इतकी वर्षं भरलेली नाट्यगृहं पाहिलेल्या माणसाला आता प्रेक्षक म्हणून एक नळी मिळाली होती, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "खोकत तर नाही ना मध्येच," ते म्हणायचे.

या प्रयोगशाळेत एक जागा होती, तिला सगळे झोपायची खोली म्हणत. परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडी तिथे आणून ठेवायची आणि तिला पूर्ण गार होऊ द्यायचं, इतकं की इंजिनाच्या पोटातलं तेलसुद्धा खोलीतल्या हवेइतकंच झालं पाहिजे. कारण गाडीचं खरं पाप पहिल्या मिनिटातलं. धूर स्वच्छ करायला तिच्या पोटाखाली एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी असते आत, आणि तिच्यावर महागड्या धातूंचा पातळ लेप. धूर त्या जाळीतून गेला की त्यातलं विष बरंचसं निघून जातं. पण जाळी तापलेली असेल तरच. गार असेल तर ती नुसती बघत बसते आणि धूर तिच्या नाकासमोरून जसाच्या तसा बाहेर पडतो. मामांना हे समजायला वेळ लागला नाही. आवाज तापल्याशिवाय गवयाचा सूर लागत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. नांदीला बेसूर आणि दुसऱ्या अंकात स्वर्ग, अशी किती माणसं त्यांनी बसमधून वाहून नेली होती.

म्हणून झोपायच्या खोलीचा पहिला नियम असा, की तिथे गाडी चालू करायची नाही. रोलरवर न्यायची ती हाताने ढकलत. मामा स्टिअरिंगवर बसायचे आणि मागून सगळे रेटायचे, त्यात टाय लावलेले मोठे साहेबही असायचे. का कोण जाणे, पण त्या खोलीत सगळे हळू आवाजात बोलायचे, दार लावायचे तेही अलगद. गाडीला काय ऐकू येतंय? नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हसायचा आणि आठवड्याभरात तोही कुजबुजायला लागायचा. त्यात मामांनी आपली घंटा आणून भिंतीला टांगली. पहिल्या घंटेला गाडीला हात लावायचा, दुसऱ्या घंटेला नळी जोडायची आणि तिसरी झाली की सगळ्यांनी बाहेर जायचं. मग लाल दिवा लागायचा आणि मामा चावी फिरवायचे. ही पद्धत कोणत्याही नियमांत लिहिलेली नव्हती, पण मोडायची कोणाची टाप नव्हती.

याच प्रयोगशाळेत पुढे त्यांची सख्खी भाची इंजिनियर म्हणून आली. मोठ्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्टीत कंपनीच्या बसमध्ये, सामानाच्या ट्रंकांवर झोपलेली असायची. घरी मामा तिला चिमे म्हणत आणि ती त्यांना अरे-तुरे करी. कामावर मात्र मामा तिला निर्विकार चेहऱ्याने "मॅडम" म्हणत, आणि ती "मामा, तुम्ही" म्हणे. बाकीच्यांनी त्यातलं मामा तेवढं उचललं. मोठे साहेब वयाने मोठे, तरी तेही मामाच म्हणू लागले.

मॅडमनी एक नवीन रचना काढली होती. पोटाखालच्या मोठ्या जाळीच्या पुढे, अगदी इंजिनाच्या तोंडाशी, एक छोटी जाळी बसवायची. छोटी म्हणजे लवकर तापणार, आणि जवळ म्हणजे आच आधी तिलाच लागणार. मोठी तापेपर्यंत छोटीने खिंड लढवायची. कित्येक वर्षं ती या एका गोष्टीमागे लागली होती. आणि मामांनी चालवलेल्या प्रत्येक परीक्षेत ती छोटी जाळी पास झाली, नुसती पास नाही तर झोकात. साहेबांनी पाठ थोपटली. मामांनी त्या दिवशी घंटा उगाचच चौथ्यांदा वाजवली.

मग गाडी बाहेरच्या सरकारी तपासणीला गेली आणि सपशेल नापास होऊन परत आली.

प्रयोगशाळेत सुतक पडल्यासारखं झालं. प्रत्येकाने आपापला आरोपी शोधला. कोणी म्हणालं त्यांचं यंत्र जुनं आहे, कोणी म्हणालं पेट्रोल भिकार होतं. तिथला ड्रायव्हर कसा होता म्हणून मामांनी विचारलं, तर कळलं की चांगला हसतमुख गडी होता, जाड बूट घालून आला होता आणि ठिपक्यामागे जरा धावत होता, पण नियमाच्या बाहेर गेला नव्हता. मोठ्या साहेबांनी मॅडमना बोलावून स्पष्ट सांगितलं. तपासणीची आणखी एक संधी आहे. तीही गेली, तर नवीन गाडीला दुसऱ्या गटाची जुनीच रचना बसेल आणि ही छोटी जाळी कपाटात जाईल. कपाटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मॅडमना ते माहीत होतं. संध्याकाळी घरी आल्यावर ती जेवली नाही, आणि आईने विचारलं तर म्हणाली, दुपारी उशिरा खाल्लंय.

घर दोन मजली होतं. वर मामांची ताई आणि चिमी, खाली मामा. मामांचं लग्न जमलं नाही का त्यांनी केलं नाही, याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही ताईंचीच होती. ताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती आपल्याला उशीर होतोय म्हणून, असा त्यांचा एकूण समज होता. त्यांचं गाडी चालवणं हा गल्लीचा गजर होता. सकाळी त्या धाडकन दार लावायच्या, चावी फिरवायच्या, आणि इंजिनाने पुरता डोळाही उघडला नसेल तोवर पाय असा दाबायच्या की समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना दिवसभर पेट्रोलचा वास यायचा. मग फाटकापाशी कचकन ब्रेक, हॉर्न, पुन्हा भुर्रर्र. मामा खाली दारात चहाचा कप घेऊन उभे असायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एखाद्या गवयाने शेजारच्या घरातला पेटीचा क्लास ऐकावा, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

नापास झालेल्या त्या आठवड्यातली गोष्ट. ताई शाळेतून आल्या, गाडी एका झटक्यात आत घातली आणि खालीच मामांकडे चहाला टेकल्या. पोरीचं बिनसलंय एवढं त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मामांनी सगळी हकिगत सांगितली. आपल्याकडे ती जाळी दर वेळी कशी सुरेख पास व्हायची, हेही जरा रंगवून सांगितलं. ताईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे तू चालवलीस तेव्हा पास, दुसऱ्याने चालवली तेव्हा नापास."

"हो ना. तेच तर."

"मग पास कोण झालं रे, ठोंब्या? ती का तू?"

ताई ते बोलायचं म्हणून बोलल्या होत्या. भावाला टोमणा मारला की त्यांचा थकवा जायचा, एवढाच त्यामागचा हेतू. त्या पर्स उचलून वर निघूनही गेल्या. मामांचा चहा मात्र तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.

कारण ते खरं होतं. मामांच्या डोळ्यांसमोर कंपनीचा प्रॉम्प्टर उभा राहिला. विंगेत बसून नटाला विसरलेलं वाक्य सांगणारा तो म्हातारा कामात असा वाकबगार, की कोणता नट कुठे अडणार हे त्याला आधी कळायचं आणि नट अडायच्या आतच शब्द त्याच्या कानात पडलेला असायचा. प्रेक्षकांना वाटायचं, काय पाठांतर आहे. नटालाही तसंच वाटायचं. एकदा म्हातारा तापाने आडवा झाला आणि नायक रंगमंचाच्या मधोमध, तलवार उपसून, तसाच उभा राहिला. मामांना त्या रात्रीची ती शांतता आठवली. आपण इतकी वर्षं नळीसमोर प्रयोग करतोय असं त्यांना वाटत होतं. मुळात आपण विंगेत बसलो होतो.

जिना चढून ते वर गेले. चिमी खिडकीत बसली होती. मामांनी प्रॉम्प्टरची गोष्ट सांगितली. ती त्यांच्याकडून तिने लहानपणी अनेकदा ऐकली होती, त्यामुळे ही आता का, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुझ्या जाळीला पाठ नाहीये, चिमे," मामा म्हणाले. "मी आतून सांगत होतो."

ती खिडकीकडून वळली. मग म्हणाली, असं कसं होईल, रेघ तीच, गाडी तीच. मामा म्हणाले, रेघेवर राहायच्या हजार तऱ्हा असतात. गाडी गार असताना मी पाय टेकवतो, दाबत नाही. जाळीला तापायला सवड मिळते, तोवर मी पेट्रोल मागतच नाही फारसं. तो जाड बूटवाला मागत असेल. तुझी आई तर हिसकावून घेते.

"पण मामा, तू सगळ्यात चांगला ड्रायव्हर आहेस म्हणून तर आम्ही दर वेळी तुलाच बसवतो."

"तीच तर चूक झाली ना."

हे म्हणताना मामांना काय वाटलं असेल, ते ज्याने कधी टाळ्या घेतल्या आहेत त्यालाच कळेल. पण त्यांचा आवाज हलला नाही. चिमीने त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून ताटं घ्यायला गेली. त्या रात्री ती जेवली, आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फर्मान काढलं, की मामांनी आता वाईट गाडी चालवायची. ऐकायला सोपं वाटतं. मामा रोलरवर चढले, घंटा झाल्या, लाल दिवा लागला, आणि मामांनी निश्चय करून पाय आपटला. यंत्रावर पाहिलं तर एक अतिशय विनम्र उंचवटा आला होता. पायाने जणू आधी परवानगी मागितली होती. साहेब काचेपलीकडून माइकवर म्हणाले, मामा, जरा चिडा. मामांनी चिडून पाहिलं. कंपनीच्या मालकाने बुडवलेले पगार आठवले, बदली ड्रायव्हरने मोडलेला आरसा आठवला. चेहरा लालबुंद झाला, भुवया चढल्या, नाकपुड्या फुलल्या, एकूण अभिनय अव्वल दर्जाचा झाला. पाय मात्र तसाच होता, लोण्यासारखा. दुसरे ड्रायव्हर बसवून पाहिले. ते सगळे मामांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांचेही पाय नम्र.

"बाहेरचा पाय पाहिजे," साहेब म्हणाले.

मामांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मामांकडे पाहिलं. "नाही," मॅडम म्हणाल्या. "आईला इथे? नाही हं, मामा, तू काहीही सुचवू नकोस." घाबरल्यामुळे त्या कामाच्या जागी "तुम्ही" विसरल्या होत्या.

पण दुसरा इलाज नव्हता. ताई शाळेला सुट्टी काढून आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, डोळ्यांना नवा चष्मा. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्याने टोपी नीट घालावी असं सांगून त्या आत शिरल्या. साहेबांना त्यांनी नमस्कार केला आणि तुमच्या बागेला पाणी कमी पडतंय हेही सांगून टाकलं. मामांनी त्यांना झोपायच्या खोलीत नेलं आणि कुजबुजत सगळा विधी समजावला. ताई एकाग्रतेने ऐकत होत्या, निदान तसं दिसत होतं. ताईंना स्टिअरिंगवर बसवून मामा पहिली घंटा द्यायला वळले. मागे वळून बघतात तर साहेब कोट काढून गाडी ढकलायला वाकलेले आणि गाडी भुर्रर्र.

ताईंनी चावी फिरवली होती. चांगली चालू गाडी हाताने ढकलायची हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि एवढ्या मोठ्या साहेबांना वाकायला लावणं तर असभ्यच, असं त्यांचं म्हणणं. गाडीची एका दिवसाची झोप एका सेकंदात मोडली होती. आजवर त्या खोलीत कोणी इंजिनाचा आवाज ऐकलेला नव्हता.

"ताई," मामा म्हणाले. घंटेची दोरी अजून त्यांच्या हातातच होती.

"काय झालं? बिघडली का?" ताईंनी विचारलं. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आवाज खाली आणून, त्या खोलीत शिरल्यापासून पहिल्यांदाच कुजबुजल्या, "अरे, मग आधी नीट सांगायचं ना."

सगळ्यात आधी साहेबांना हसू फुटलं.

ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. या वेळी मामांनी चावी आपल्या खिशात ठेवली आणि तिसऱ्या घंटेनंतरच त्यांच्या हातात दिली. लाल दिवा लागला. रेघ सरकू लागली. ताई त्या ठिपक्याच्या मागे अशा लागल्या, जशी एखादी बाई चप्पल घेऊन झुरळामागे लागते. ठिपका रेघेच्या खाली गेला की पाय आपटायच्या, वर गेला की ब्रेक, आणि मध्ये मध्ये "अरे थांब ना मेल्या" असंही माइकवर ऐकू यायचं. नियमाच्या कडेकडेने, पण आतच राहून, त्यांनी सगळी परीक्षा पुरी केली. यंत्रांनी हिशेब मांडला. असा धूर त्या प्रयोगशाळेने कधी पाहिला नव्हता. जाड बूटवाला त्यांच्यापुढे संत होता.

मॅडम त्या आकड्यांकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी सगळ्यांदेखत आईला मिठी मारली. ताई गोंधळल्या. "म्हणजे पास झाले का मी?"

"नापास, आई. काय सुंदर नापास झालीस."

कारण आता दुखणं दिसत होतं. छोटी जाळी तापायच्या आतच पायाने पेट्रोलचा असा लोंढा सोडलेला असायचा, की तिच्या हातून काही व्हायचं नाही. घरी जेवताना मामा ताईंना हळूच म्हणाले, गाडी गार असताना पहिलं मिनिटभर तू जरा बेताने पाय टेकवलास तर काय बिघडेल? गल्लीचंही भलं होईल.

"हे बघ," ताई म्हणाल्या, "मी काही आता बदलणार नाही. माझ्या शाळेतल्या बायका बदलणार नाहीत, तो तुमचा बूटवाला बदलणार नाही. तुमची गाडी बदला."

चिमीचा घास हातातच राहिला. तिने आईकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि मग टेबलाखाली, मामांच्या पायाकडे.

पुढचे काही आठवडे मामांनी रोज फक्त एक काम केलं. गार गाडी चालू करायची आणि पहिलं मिनिटभर चालवायची. ॲक्सिलरेटरला बसवलेलं एक यंत्र त्यांच्या पायाची प्रत्येक हालचाल टिपून घेत होतं. कुठे टेकवला, कुठे थांबला, चढ आला की कसा अदबीने वाढला. इंजिनाला आपला एक संगणक असतोच. मॅडमनी त्या संगणकाला ही सगळी चाल शिकवली. जाळी गार आहे तोवर चालवणाऱ्याने पाय आपटला, तरी गाडीने मामांसारखंच वागायचं. पेट्रोल जपून घ्यायचं आणि ठिणगी थोडी उशिरा टाकायची, म्हणजे इंजिनाची आच जाळीकडे जाईल. जाळी तापली की मग ज्याचा पाय त्याची मर्जी. आणि खरीच तातडी असेल, पाय थेट तळाला टेकला, तर मात्र गाडीने निमूट ऐकायचं, ही अट मामांनी घातली. कंपनीच्या बससमोर एकदा म्हैस आली होती, तेव्हा त्यांनाही पाय आपटावा लागला होता.

ताई पुन्हा आल्या. पुन्हा झुरळ, पुन्हा चप्पल, पुन्हा "थांब मेल्या". आणि गाडी पास झाली. अगदी झोकात नाही, पण व्यवस्थित.

तपासणीच्या दिवशी मामाही सरकारी केंद्रात गेले. तिथे त्यांना काही काम नव्हतं. काचेच्या अलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसायचं, बस्स. तोच जाड बूटवाला गाडीत चढला, मामांकडे बघून त्याने हसून मान हलवली आणि कचकन दार लावलं. तिथे घंटा नव्हती. लाल दिवा नुसताच लागला. गाडी सुरू झाली आणि मामांचा उजवा पाय खुर्चीखाली आपोआप हलायला लागला. रेघ चढली, पाय हळूच दबला. पलीकडे जाड बूट धाडकन आपटला. मामांनी डोळे मिटून घेतले. मग शेजारी बसलेल्या चिमीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, "आता सोड रे, मामा. तिला येतंय."

मामांनी डोळे उघडले. पाय जमिनीवर टेकवला आणि तसाच ठेवला. सगळ्या आयुष्यात प्रेक्षकांत बसायची त्यांची ती पहिलीच वेळ होती, आणि नाटक शेवटपर्यंत पाहायला त्यांना बरेच कष्ट पडले. निकाल आला तेव्हा जाड बूटवाला स्वतःच तो कागद घेऊन बाहेर आला, मॅडमचं अभिनंदन केलं आणि मामांना म्हणाला, गाडी जरा मवाळ केलीत वाटतं तुम्ही? मामा म्हणाले, थोडीशी.

छोटी जाळी कपाटात गेली नाही. ती गाड्यांत गेली, आणि तिच्यासोबत मामांचा पायही. आता तो कुठे कुठे फिरत असतो हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही. ताईंनीही जुनी गाडी काढून हीच नवीन गाडी घेतली, मुलीच्या हातची म्हणून. पहिल्याच गारठ्याच्या सकाळी मामा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. ताईंनी धाडकन दार लावलं, चावी फिरवली, पाय आपटला. मामांनी सवयीने डोळे मिटले आणि नाकाने हवा ओढून घेतली. वास नव्हता. समोरच्या गॅलरीतले कपडे स्वस्थ वाळत होते. मामांनी एक डोळा उघडून पाहिलं. गाडी विनम्रपणे, परवानगी मागितल्यासारखी, फाटकाकडे निघाली होती.

फाटकापाशी ताईंनी काच खाली केली.

"ठोंब्या," त्या ओरडल्या, "ही गाडी अगदी तुझ्या वळणावर गेलीय. पहिलं मिनिटभर काही म्हटलं तरी ऐकतच नाही."

तेवढ्यात ते मिनिट संपलं असावं. भुर्रर्र करून ताई दिसेनाशा झाल्या. मामा हसले, आणि चहा गार व्हायच्या आत पिऊन टाकला.